कपबशीतील मेणबत्ती आणि उसने पर्यावरणप्रेम

दिवाळी जवळ आली की शहरांतील गृहसंकुलांमध्ये एका नव्या कलेचे वर्ग भरू लागतात. आजीच्या काळातील नक्षीदार चहाचा कप घ्यावा, मधोमध वात उभी करावी, वितळलेले मेण ओतावे, सुगंधाचे चार थेंब टाकावेत. झाली ‘पर्यावरणस्नेही’ भेटवस्तू! छंद म्हणून यास कोणी हरकत घेण्याचे कारण नाही. घरातील मुलामुलींच्या हाताला वळण लागत असेल, तर ते स्वागतार्हच आहे. आक्षेप आहे तो या वस्तूस चिकटविलेल्या बिरुदावर.

बाजारात मेण म्हणून जे सर्रास मिळते, ते पॅराफिन होय. मधमाशीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून ते निघते, आणि आपला देश गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशांतून आणतो. एक जुना कप वाचविला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायची आणि त्याच कपात तेलविहिरीचे अपत्य जाळायचे, हे कोणते पर्यावरणप्रेम?

अस्सल मेण हवे असेल तर ते फार दूर नाही. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्याच परिसरातील मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. मध काढल्यावर पोळ्याचे जे मेण उरते, ते सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, संथ जळते आणि त्याला स्वतःचा मंद गंध असतो. वरून अत्तर शिंपडावे लागत नाही. ते महाग पडते, हे मान्य. पण तो पैसा मधपाळाच्या घरी जातो.

स्वदेशीच्या पिढीने उजेडाच्या साधनांचा विचार किती गांभीर्याने केला होता! तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना १९०८ साली पैसा फंडातून, म्हणजे सामान्य माणसाच्या पै-पैशाच्या वर्गणीतून उभा राहिला. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. तिकडे बंगालमध्ये सत्यसुंदर देव यांनी जपानला जाऊन चिनी मातीची विद्या शिकून घेतली आणि ती मायदेशी आणून कामाला लावली. आज ‘घरगुती’ म्हणविणाऱ्या मेणबत्तीची वात, रंग, सुगंध सारे तयार संचातून येते. तो संच कोठे बनला, हे पाकीट उलटून पाहण्याचीही तसदी कोणी घेत नाही.

त्यात सुरक्षिततेविषयी कमालीची बेफिकिरी! चहाचा कप तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद असतो. ज्योत खाली उतरली की सारी उष्णता तळाशी कोंडते आणि जुन्या लेपातील केसासारखी रेघ तेथेच दगा देते. टिचकी मारल्यावर खणखणीत न वाजणारा कप या कामास घेऊच नये आणि तळाशी बोटभर मेण उरले की ज्योत विझवावी. मेण वितळवायचे ते गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, थेट ज्योतीवर कदापि नाही. पेटलेल्या मेणावर पाणी ओतले तर भडका उडतो. एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. ज्या जुन्या कपाच्या रंगात वा लेपात शिसे असण्याची शंका आहे, तो चहासाठी बादच समजावा. अशा कपाला मेणबत्तीचा उपयोग वाईट नाही. फक्त तो पुन्हा चहाच्या ट्रेमध्ये येता कामा नये.

मेणबत्ती म्हणजे निरुपद्रवी शोभेची वस्तू, हा समज किती फसवा आहे, ते तळवडे येथे दिसले. केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या तेथील कारखान्याला ८ डिसेंबर २०२३ रोजी आग लागली आणि पोटासाठी राबणाऱ्या महिलांचे बळी गेले. तेथे मेणाखेरीज शोभेची दारूही होती, हा फरक खरा. पण स्वस्त झगमगाटाची मागणी घराघरांतूनच येते ना?

दिवाळीच्या प्रदर्शनांत अशा मेणबत्त्या मांडणाऱ्या महिला गटांनी मेण कोणते आहे, ते वेष्टनावर ठळक छापावे. तसे छापलेले नसेल, तर ग्राहकाने पैसे काढण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर न मिळाल्यास कप जागेवर ठेवून पुढे जावे.