पोराच्या ताटातले अंडे वर्गणीवर का?

सरकारी शाळेत दुपारची खिचडी खाणारे पोर कुणाचे असते? ऊसतोड कामगाराचे, वीटभट्टीवर राबणाऱ्याचे, शेतमजुराचे, नाका कामगाराचे. बौद्ध, मातंग, पारधी, भिल्ल, कातकरी, गरीब मुसलमान, गरीब ओबीसी यांचे. ज्यांना परवडते त्यांची पोरे कधीच डबा घेऊन खासगी शाळेत निघून गेली. म्हणून या ताटाला कात्री लावताना मंत्रालयात कुणाचाही हात अडखळत नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. जो अंडे खात नाही त्याला केळे. सक्ती कुणावरच नव्हती. तरी ओरड सुरू झाली. जानेवारी 2024 मध्ये सरकारने पळवाट काढली: ज्या शाळेत 40 टक्क्यांहून जास्त पालकांचा विरोध असेल, तिथे अंडे द्यायचे नाही. जानेवारी 2025 मध्ये तर अंड्यासाठीचा निधीच थांबवला. ज्या शाळेला अंडे द्यायचे असेल तिने लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगितले गेले.

आमचा आक्षेप या 'लोकसहभाग' शब्दालाच आहे. ऐकायला तो गोड आहे. गावात त्याचा अर्थ काय होतो? वर्गणी कुणाच्या खिशातून येणार? ज्याच्याकडे जमीन, दुकान, पतसंस्था आहे त्याच्या. आणि वर्गणी देणारा नुसते पैसे देत नाही. पोरांनी काय खायचे तेही तोच ठरवतो. सरकारच्या पैशातले अंडे हक्काचे असते. पाटलाच्या, शेठच्या पैशातले अंडे उपकाराचे होते. आमच्या बापजाद्यांनी बलुत्याच्या भाकरीसाठी दारोदार फिरून हेच भोगले. बाबासाहेबांनी त्या भाकरीवर लाथ मारायला शिकवले. आता तीच भाकरी जीआर काढून शाळेत आणायची आहे काय?

40 टक्क्यांचा हिशोबही पाहा. शंभरातल्या साठ घरांना अंडे हवे आहे, चाळीस जणांना नको आहे. ज्यांना नको त्यांच्यासाठी केळे आहेच. मग साठ पोरांच्या ताटातले अंडे काढून चाळीस जणांना काय मिळाले? पोषण तर नक्कीच नाही. मिळाले ते एवढेच समाधान, की शेजारचे पोरही आपण ठरवू तेच खाते. स्वतः न खाणे ही आवड झाली. दुसऱ्याला खाऊ न देणे ही मात्र जातीची सत्ता आहे. शुद्ध-अशुद्धाचा हा खेळ आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो.

1923 साली बोले यांचा ठराव झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर. प्रत्यक्षात पाणी घ्यायचे की नाही हे गावातले सवर्णच ठरवत राहिले आणि 1927 ला बाबासाहेबांना तिथे जावे लागले. सार्वजनिक गोष्ट समाजाच्या मर्जीवर सोडली की निकाल जातच देते, हा महाडचा धडा आहे. शाळेचे ताट तळ्याइतकेच सार्वजनिक आहे.

आणि अंड्याचाच हट्ट का? कारण अंड्यात भेसळ करता येत नाही. डाळीत पाणी वाढवता येते, तेल कमी टाकता येते, टीएचआरचे पाकीट गुरे तोंड लावणार नाहीत इतके बेचव करता येते. अंडे मात्र अख्खे असते. सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिन पोराच्या हातात थेट पडते, मध्ये ठेकेदार हात मारू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (2019-21) सांगते, की महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी 35 मुलांची वाढ खुंटलेली आहे आणि 36 मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे. शाळेत येतात ती हीच पोरे. शेजारच्या कर्नाटकातही मठांनी विरोध केला होता, तरी तिथे अंडी सुरू राहिली. तमिळनाडूत पोरे वर्षानुवर्षे शाळेत अंडी खात आहेत. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला आठवड्याचे एकही जड झाले.

शिजवलेले जेवण कुणाच्या दयेने आलेले नाही. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला म्हणून कोरड्या धान्याच्या जागी गरम जेवण आले. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क झाला. एप्रिल 2004 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या. हा आदेश किती शाळांना माहीत आहे? डिसेंबर 2021 मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेच्या हातचे जेवायला सवर्ण मुलांनी नकार दिला, तेव्हा आधी कामावरून काढले गेले ते तिलाच. चुलीपाशी कोण बसणार आणि ताटात काय पडणार, हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. त्या चुलीपाशी राबणाऱ्या बाईचे केंद्राने 2009 साली ठरवलेले मानधन महिना 1000 रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. राज्ये त्यात थोडीफार भर घालतात. तिच्या श्रमाला मजुरी न म्हणता 'मानधन' म्हणायचे, म्हणजे किमान वेतनाचा प्रश्नच मिटला!

आईच्या बाबतीतही हेच. 1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर आईला किमान 6000 रुपयांचा हक्क लिहिला गेला. 2017 च्या मातृवंदना योजनेत त्याचे 5000 झाले, तेही पहिल्याच अपत्याला. पुढे दुसऱ्यांदा मुलगी झाली तर पैसे, अशी अट आली. दुसरा मुलगा पोटात वाढवणाऱ्या आईला भूक लागत नाही काय?

संविधानाचे कलम 47 जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. कर्तव्य वर्गणीवर ढकलता येत नाही. म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. अंड्याचा पूर्ण खर्च सरकारने तिजोरीतून करावा. 40 टक्क्यांची अट रद्द करावी. 2004 च्या आदेशाप्रमाणे नेमणुका कराव्यात आणि स्वयंपाकी ताईंना किमान वेतन द्यावे. प्रत्येक आईला, प्रत्येक बाळंतपणात, कायद्यातली रक्कम मिळावी.

आणि एक काम आपल्या वस्तीचेही आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत. दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. जयंतीची वर्गणी गोळा करायला आपण घरोघर जातो. तसेच समितीच्या निवडीच्या दिवशी आपल्या आयाबहिणींना घेऊन शाळेत जाऊ या. आहाराची नोंदवही मागू या, ताट स्वतः चाखू या आणि अंड्याचा ठराव लेखी करून घेऊ या. शिकायचे तर पोट भरलेले हवे, आणि ते हक्काने भरलेले हवे.

जयभीम!