वाचकाचें सूप

१९७९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांस यूजनेटची कल्पना सुचली. विषयवार चर्चागट, त्यांत कोणीहि लिहावें व कोणीहि उत्तर द्यावें, अशी ती व्यवस्था. २०२४ च्या फेब्रुवारींत गूगल ग्रूप्सनें तेथील नवें लिखाण दाखविणें बंद केलें. तेव्हां वाचकानें स्वतःचा वाचन-प्रोग्रॅम निवडणें आतां अगत्याचें झालें आहे.

ही निवड रंगरूपावरून करूं नये, असें आमचें मत आहे. पहिली कसोटी मांडणीची. कोणतें उत्तर कोणत्या पत्रास, हें वंशावळीप्रमाणें दिसलें पाहिजे; नाहीं तर मूळ प्रश्न न वाचतांच वाद घालण्याची खोड जडते. दुसरी कसोटी पाखडण्याची. लॅरी वॉल यांच्या १९८४ च्या 'आरएन' प्रोग्रॅमांत नको तें लिखाण वगळण्याचे नियम वाचकच लिहून ठेवी. टिन, थंडरबर्ड व पॅन या तिहींतहि अशी सोय आहे. आम्ही पॅनला अधिक पसंती देतों; कारण त्यांत लेखकांना व विषयांना कमीअधिक गुण देतां येतात, आणि न रुचणाऱ्यास हांकलून न देतां नुसतें मागच्या बांकावर बसवितां येतें.

आज पुष्कळ ठिकाणीं हें सूप दुसऱ्याच्या हातीं असतें, व आपणांस काय दिसावें तें तोच ठरवितो. येथें तें आपल्या हातीं आहे. म्हणून जबाबदारीहि आपलीच. शिवीगाळ व जाहिराती खुशाल पाखडाव्या; परंतु निराळें मत सांगणाऱ्या सज्जनास फोलपट समजूं नये. विद्यार्थीहो, आपल्यासारखेंच बोलणारे तेवढे ठेवले, तर नवें शिकविणार कोण?