सहा हजार कोटींची वर्गणी, तरी जालन्याचा वाचक बाहेरच

जगभरातील शोधनियतकालिके देशातील संशोधकांना एकाच वर्गणीत उपलब्ध करून देणारी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा पसारा आहे. आकडे डोळे दिपवणारे आहेत. परंतु जालन्यातून पाहिले असता या योजनेची मर्यादा स्पष्ट दिसते. वर्गणी म्हणजे खुला प्रवेश नव्हे.

शोधनिबंध इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता यावा, ही मागणी बुडापेस्ट जाहीरनाम्याने फेब्रुवारी २००२ मध्ये मांडली. योगायोग असा, की त्याच्या पुढच्याच महिन्यात केंद्राने बीटी कापसाच्या व्यापारी लागवडीस परवानगी दिली आणि ती मिळवणारी महिको ही कंपनी जालन्याची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीमुळे जालना बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातील कापूस पोखरला, तेव्हा हे तंत्रज्ञान कुठे कमी पडले, याची चर्चा देशभर झाली. केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी बीटी कापसाच्या दीर्घकालीन परिणामांचा आढावा २०२० मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये प्रसिद्ध केला. उत्पादनवाढीचे श्रेय बियाण्यापेक्षा खते व अन्य घटकांकडे अधिक जाते, असा त्याचा रोख होता. ज्या जिल्ह्याने हे बियाणे देशाला दिले, तेथील शेतकऱ्याने वा कृषी सेवा केंद्रचालकाने तो मुळातून वाचायचे ठरवले तर? नियतकालिक मुख्यत्वे वर्गणीवर चालणारे. आणि नवी योजना संस्थांसाठी आहे, गावातील वाचकासाठी नाही.

आजवर अनेकांनी ‘साय-हब’ या संकेतस्थळाची चोरवाट धरली होती. मोठ्या प्रकाशकांनी २०२० च्या अखेरीस त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते रोखण्याचे आदेश दिले. कायद्याच्या दृष्टीने प्रकाशकांची बाजू भक्कम असेलही. पण चोरवाट बंद करताना राजमार्ग कोणी बांधायचा, हा प्रश्न उरतोच.

राजमार्गाचे काही तुकडे मात्र तयार आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर ‘शोधगंगा’वर पीएच.डी.चे प्रबंध जमा होऊ लागले. आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि मराठी साहित्य व इतिहासावरील मराठीत लिहिलेले प्रबंधही घरबसल्या वाचता येतात. जालना जिल्ह्यातील असईची १८०३ ची लढाई अभ्यासणाऱ्यास वेलिंग्टनची जुनी पत्रे विनामूल्य मिळतात, कारण त्यांचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. त्याच लढाईवरील नव्या निबंधांसाठी मात्र अनेकदा पैसे मोजावे लागतात.

शेतीचे उदाहरण अधिक बोलके आहे. बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र परभणीच्या कृषी विद्यापीठाचे. ‘बीडीएन ७११’सारखे तुरीचे वाण तेथूनच आले. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर ठेवले जातात, पण बहुतेक इंग्रजीत. दरवाजा उघडा, पण आतील भाषा परकी! खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र ही दरी काही प्रमाणात भरून काढते. तथापि मूळ संशोधन वाचणे आणि त्याचा सल्ला ऐकणे यांत फरक आहे.

करदात्यांच्या पैशातून झालेले संशोधन खुले असावे, हे धोरण केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्येच स्वीकारले. त्याच्या काटेकोर अंमलबजावणीऐवजी प्रकाशकांकडून वाचनाचा हक्क विकत घेण्यावर सरकारने मोठी रक्कम लावली. वर्गणीची मंजूर मुदत २०२७ च्या अखेरीस संपते. पुढच्या वाटाघाटींत भारतीय संशोधकांचे निबंध सर्वांसाठी खुले ठेवण्याची अट घालता येईल, आणि त्यासाठीची तयारी आधीच्या वर्षात व्हावी लागेल.