क्लस्टर नंतर, आधी पट्टी नंबर!



रिसोड-मालेगावकडची कोडिंग शिकलेली पोरं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, अडत दुकानांसाठी ॲप बनवतोय. अक्का टूलकिट घेऊ का? क्लस्टर कसं लावू? नोड किती?"

माझं मत स्पष्ट आहे. हे प्रश्न चांगले आहेत, पण नंतरचे आहेत. पहिला प्रश्न असा हवा: पाठवलेला संदेश पोचलाच नाही, तर कोणाचं नुकसान?

आधी ॲक्टर म्हणजे काय ते बघू. बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास झाला, काटा झाला, की पट्टी अडत्याकडे जाते. त्याच्या वहीत दुसरं कोणी लिहीत नाही. पट्ट्या येतात, तो एकेक करून नोंदवतो. ॲक्टर तसाच! स्वतःची वही, स्वतःची पेटी, एका वेळी एकच संदेश. त्यामुळे दोघांनी एकाच वेळी एकच आकडा बदलायची भानगड मिटते. १९७३ साली कार्ल हेविट आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही कल्पना आहे, आणि ती भक्कम आहे.

पण पट्टी वाटेत हरवली तर? अक्कात साधा संदेश जास्तीत जास्त एकदा पोचतो. म्हणजे कधीकधी एकदाही पोचत नाही! मग पोरं म्हणतात, "उत्तर आलं नाही तर परत पाठवू." इथंच खरा घोळ आहे. उत्तर आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही, असा होत नाही. काम झालं असेल आणि फक्त उत्तर हरवलं असेल, तर शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम दोनदा चढेल.

यावरचा उपाय टूलकिटमध्ये नाही, तुमच्या धंद्याच्या समजेत आहे. प्रत्येक काट्याला वेगळा पट्टी नंबर द्या. घेणाऱ्यानं आधी बघायचं, हा नंबर नोंदवलाय का? नसेल तर डेटाबेसमध्ये लिहायचं, आणि मगच "मिळालं" म्हणायचं. नुसतं मेमरीत ठेवलं, तर लाइट गेली की वही कोरी!

आणि क्लस्टर? मधली लाइन तुटली की दोन्ही मशीनना वाटतं, समोरचं बंद पडलं. दोन्ही एकच खातं चालवायला घेऊ शकतात. याची सोय करता येते, पण ती शिकावी लागते. दहा-वीस दुकानांचा हिशोब एक मशीन आणि एक डेटाबेस आरामात सांभाळतो. गिऱ्हाईक वाढलं की बघू.

परवानाही वाचा बरं का. सप्टेंबर २०२२ मध्ये अक्काचा परवाना बदलला आणि मोठ्या कंपन्यांना पैसे मोजायची वेळ आली. तेव्हा जुन्या २.६ आवृत्तीवरून अपाचे पेक्को हा खुला पर्याय उभा राहिला. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं तो आधी बघावा.

आज एकच काम करा. तुमच्या ॲपमधले सगळे संदेश कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे दोन उत्तरं लिहा: हरवला तर काय, दोनदा आला तर काय. ज्याच्यापुढे उत्तर कोरं राहील, तिथंच शेतकऱ्याचा पैसा अडकणार आहे. ते आधी भरा, मग टूलकिट निवडा.