मागाचा हिशेब

कारखाना मागे पडला की आपण वीज, कर्ज, कर आणि कामगार कायद्यांकडे बोट दाखवतो. व्यवस्थापनाचे नाव क्वचितच निघते. म्हणूनच तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग महत्त्वाचा ठरतो. १७ कंपन्यांपैकी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या काहींना पाच महिने सल्लागारांची मोफत मदत मिळाली. उरलेल्यांची महिनाभर नुसती पाहणी झाली. सल्ला साधाच होता. माग बंद पडला तर कारण लिहा, कापडातले दोष रोज नोंदवा, सुताचा साठा नीट लावा, यंत्रांची देखभाल वेळेवर करा. दिपून जावे असे यात काहीच नाही. तरी पहिल्याच वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली.

एवढा फायदा होता, तर मालकांनी हे आधीच का केले नाही? अनेकांना या पद्धती ठाऊक नव्हत्या, किंवा आपले बरे चालले आहे असे वाटत होते. स्पर्धाही त्यांना बाजाराबाहेर काढत नव्हती, कारण चांगली कंपनीसुद्धा घरात विश्वासाचे पुरुष असतील तेवढीच वाढत होती (मुलींचा विचार बहुधा होतच नव्हता). नमुना लहान होता, हा आक्षेप रास्त आहे. सुमारे नऊ वर्षांनी निम्म्या पद्धती सुटल्याचेही आढळले. पण मदत मिळालेले कारखाने इतरांच्या पुढेच होते. लघुउद्योगांच्या सरकारी योजनांत यंत्रखरेदीच्या अनुदानाइतकेच स्थान अशा सल्ल्याला मिळायला हवे.