हौशीपणाची किंमत

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू कवेत घेऊन प्रतिपक्षाची फळी भेदणाऱ्यास ‘रनिंग बॅक’ म्हणतात. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रेजी बुशला २००५ साली याच कामगिरीबद्दल मानाचा हाइझमन करंडक मिळाला. पुढे त्याने व कुटुंबीयांनी दलालांकडून आर्थिक लाभ घेतल्याचे महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने ठरविले आणि २०१० मध्ये त्याला करंडक सोडावा लागला.

नियम मोडला, हे खरे. पण तो नियम कोणाच्या हिताचा होता? तिकिटे व दूरचित्रवाणीचे हक्क विकून विद्यापीठे कोट्यवधी डॉलर मिळवीत, प्रशिक्षकांना भरघोस वेतन देत. घाम गाळणाऱ्याच्या वाट्याला शिष्यवृत्ती आणि हौशीपणाचा उपदेश येई. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे खरेदीदारांनी संगनमताने दाबून ठेवलेले वेतन होय.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील संघटनेची बंधने एकमताने बेकायदा ठरविली. त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर कमाईची मुभा मिळाली. २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. बुशचा करंडक २०२४ मध्ये परत आला.

परंतु एका दुखापतीने संपू शकणाऱ्या या व्यवसायात उमेदीची वर्षे हेच भांडवल असते. करंडक परत करता येतो. बुडालेली मजुरी कोण परत करणार?