खिशातला फोन आणि रुबायाची खाण

आपल्या मोबाईलमध्ये टँटलम असते. ते कोल्टन या खनिजातून मिळते. पूर्व काँगोतील रुबायात लोक कुदळ-फावड्याने ते खणतात. एप्रिल २०२४ अखेर तिथल्या खाणी एम-२३ या बंडखोर गटाने ताब्यात घेतल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अंदाजानुसार, कोल्टनवरील वसुलीतून हा गट महिन्याला सुमारे ८ लाख डॉलर मिळवत होता. अशा पैशावर बंदुका पोसल्या जातात, गावे उजाड होतात. जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहरही पडले.

याला ‘आफ्रिकेतली भांडणे’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण माल घेणारे आहेत म्हणूनच ही वसुली चालते. त्या साखळीच्या टोकाला आपणही आहोत. फोन फेकू नका. बिघडला तर दुरुस्त करा, जास्त वर्षे वापरा आणि कंपन्यांना विचारा : हे खनिज कुठून आले?